रंगाऱ्याची वही

न्यूयॉर्क शहरात एक रंगारी राहत होता. दुकानांच्या पाट्या, दारांवरची नावं, गाड्यांच्या फळ्या रंगवणं हे त्याचं काम. त्याचं अक्षर फार देखणं होतं. उभी रेघ ओढताना तो श्वास रोखून धरी आणि वळण पूर्ण झालं की सोडी. काम संपलं की हात धुवून तो एका जाड वहीत नोंद करी. तारीख, मालकाचं नाव, गाडी कुठून आली, फळीवर काय लिहिलं, किती पैसे मिळाले. इतकी बारीक नोंद कुणी मागितलेली नव्हती, पण त्याला नीटनेटकेपणाची सवय होती.

१८५० नंतरची ती वर्षं होती. आयर्लंडहून, जर्मनीहून माणसं बोटी भरभरून येत होती. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती. तिथे गाय कुठे बांधणार? दूध गाडीवरून दारात येई, बायका भांडं घेऊन खाली उतरत आणि गाडीवाला माप भरून ओती. रंगाऱ्याकडे सगळ्यात जास्त काम येई ते या दुधाच्या गाड्यांचं.

गाडीवर काय लिहायचं ते ठरलेलं असे. 'गावाकडचं शुद्ध दूध.' कुणाला आणखी भारदस्त हवं असेल तर 'ऑरेंज काउंटीचं दूध.' शहराच्या वरच्या अंगाला हा कुरणांचा मुलूख होता. १८४२ च्या सुमारास एरी रेल्वेने तिथलं दूध शहरात यायला लागलं होतं. त्या दुधाला चव होती, त्यावर साय धरे, आणि म्हणून त्या नावाला मान होता. रंगारी ते नाव पिवळ्या रंगात लिही आणि कडेने बारीक काळी सावली काढी. अक्षर फळीवरून उठून दिसे.

पण गाड्या त्याच्या अंगणात वाळत उभ्या राहत तेव्हा त्यांना कुरणाचा वास येत नसे. आंबलेल्या धान्याचा वास येई. एकदा त्याने एका गाडीवाल्याला सहज विचारलं, "कुठून आलास?"

"सोळाव्या रस्त्यावरून," गाडीवाला म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंही नाही.

सोळाव्या रस्त्यावर, हडसन नदीच्या बाजूला, व्हिस्कीची मोठी भट्टी होती. तिथे धान्य भरडून, शिजवून, आंबवून दारू गाळत. दारू निघून गेल्यावर मागे गरम, पातळ चोथा उरे. तो फेकायचा म्हणजे खर्च. म्हणून भट्टीला लागूनच गोठे बांधले होते. लाकडी पन्हळातून तो वाफाळता चोथा थेट गायींच्या पुढ्यात येई. गायींना ना गवत, ना ऊन, ना दोन पावलं चालायला जागा. पहिले काही दिवस गाय त्या चोथ्याला तोंड लावत नसे. मग भूक जिंके. चोथ्यात धान्याचं सत्त्व थोडंच उरलेलं असे, पाणी मात्र भरपूर. दूधही तसंच येई, पुष्कळ, पातळ आणि निळसर. निळं दूध कोण घेणार? म्हणून त्यात खडूची पूड, प्लास्टर, पीठ घालत आणि पिवळसर झाक यावी म्हणून थोडी काकवी. मग ते गावाकडचं दिसू लागे.

हे सगळं रंगाऱ्याला हळूहळू कळलं. कुणी मुद्दाम सांगितलं नाही. गाडीवाले फळी वाळेपर्यंत गप्पा मारत, त्यातून कळत गेलं.

एका संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "गाडीवरचं दूध घेऊ नकोस. मी धक्क्यावरून आणत जाईन."

"लांब पडेल," बायको म्हणाली.

"पडू दे."

त्या दिवसापासून तो पहाटे उठून, रेल्वेने आलेले दुधाचे डबे बोटीतून उतरत तिथे जाई आणि आपल्या पोरांसाठी किटलीभर दूध घेऊन येई. मग न्याहारी करून कामाला बसे आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर 'गावाकडचं शुद्ध दूध' लिही. यात काही विसंगत आहे असं त्याला वाटलं नाही. लिहायचं काय ते गिऱ्हाईक सांगतं, आपण अक्षर काढतो, एवढाच त्याचा हिशेब होता.

त्याच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश बाई राहत होती. लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होती. दिवसभर बाहेर, त्यामुळे बाळाला अंगावर पाजणं तिला जमत नसे. तिला वाचता येत नव्हतं. नव्याने राहायला आली तेव्हा दारात दुधाची गाडी थांबली होती आणि रंगारी जिना उतरत होता.

"अहो, यावर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

रंगाऱ्याने गाडीकडे पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. त्याने वाचून दाखवलं, "गावाकडचं शुद्ध दूध."

"आमच्या गावी घरची गाय होती," बाई म्हणाली आणि तिने रतीब लावला.

रंगारी आपल्या वाटेने गेला. तो खोटं बोलला नव्हता. जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बाईचं धाकटं बाळ हगवणीने गेलं. त्या उन्हाळ्यात त्या गल्लीतली बरीच बाळं गेली. दर उन्हाळ्यात जात. लोक उकाड्याला दोष देत, दात येण्याला दोष देत, देवाची मर्जी म्हणत. बाईने दोन दिवस काम केलं नाही, तिसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन निघाली. थोरली मुलगी तीन वर्षांची होती, तिच्यासाठी रतीब चालूच राहिला. रंगाऱ्याच्या मनात काहीतरी आलं, पण त्याने ते बायकोलाही सांगितलं नाही. बाळ दुधानेच गेलं हे कोण सांगणार? खरंच, कुणालाच सांगता आलं नसतं, आणि हीच त्याची मोठी सोय होती.

या दुधाबद्दल कुणी बोललंच नव्हतं असं मात्र नाही. रॉबर्ट हार्टली नावाच्या गृहस्थाने १८४२ मध्येच त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते शिकलेल्या लोकांनी वाचलं आणि कपाटात ठेवलं. सोळा वर्षं गेली.

मग १८५८ च्या मे महिन्यात फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने हे प्रकरण हातात घेतलं. त्यांची माणसं गोठ्यांत शिरली, चित्रकारांनी डोळ्यांनी पाहिलं ते काढलं. अंगावर फोड आलेल्या गायी. शेपटी झडलेल्या गायी. छातीचा रोग पसरू नये म्हणून तिथे गायीच्या शेपटीला चीर देऊन आजारी जनावराचा अंश भरत, आणि पुष्कळदा शेपटीच सडून गळून पडे. एका चित्रात उभं राहण्याचंही त्राण नसलेली गाय पट्ट्यांनी टांगून धरली होती आणि खाली बसून एक माणूस तिची धार काढत होता. पण साप्ताहिकाने याहून मोठं एक काम केलं. गोठ्यातून निघणाऱ्या गाड्यांचा पाठलाग करून त्या कुठल्या कुठल्या दारात थांबतात, ते रस्ते आणि घरांचे क्रमांक छापून टाकले.

तो अंक हातोहात फिरला. फिरत फिरत धोबीणबाईच्या हाती आला. चित्रं तिला कळली, अक्षरं कळली नाहीत. ती जिना चढून वर आली.

"अहो, एवढं वाचून दाखवा."

रंगाऱ्याने वाचायला सुरुवात केली. भट्टी, चोथा, खडू, काकवी. मग रस्त्यांची यादी आली. तो थबकला.

"वाचा ना," बाई म्हणाली.

त्याने वाचलं. त्यात त्यांच्याच घराचा क्रमांक होता.

बाई बराच वेळ बोलली नाही. मग तिने कोपऱ्यात ठेवलेल्या किटलीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे कुठलं दूध येतं?"

"धक्क्यावरून आणतो. रेल्वेचं."

"कधीपासून?"

यावर खोटं बोलणं त्याला जमलं असतं. पण तो म्हणाला, "तुम्ही इथे राहायला आलात, त्याच्या आधीपासून."

बाई उठली आणि जिना उतरून गेली. खालून भांडं मोरीत ओतल्याचा आवाज आला. त्यानंतर कित्येक वर्षं ती रंगाऱ्याशी बोलली नाही. त्याच्या बायकोशी बोले, पोरांशी बोले. तो समोर आला की जिन्यात बाजूला होऊन वाट देई.

शहरात आरडाओरडा झाला. असल्या दुधाने वर्षाला ८,००० बाळं मरतात असा अंदाज वर्तमानपत्रांत छापून आला. नगरपालिकेला चौकशी समिती नेमावीच लागली. समितीचे लोक गोठ्यांत जाऊन आले. ते येणार हे गोठेवाल्यांना आधीच कळलं होतं, असं तेव्हा लोक उघड बोलत. ज्याला आपण कधी येणार ते आगाऊ कळवतो, त्याच्या घरी आपल्याला घर दिसत नाही, पाहुणचार दिसतो. समितीतल्या बहुतेकांना फार काही वावगं आढळलं नाही. गोठ्यात हवा खेळती ठेवा आणि भिंतींना सफेदी करा, असा त्यांनी सल्ला दिला.

आणि सफेदी म्हटल्यावर रंगारी हवा. सोळाव्या रस्त्यावरून निरोप आला. मजुरी चांगली होती. तो चुना कालवून, ब्रश आणि बादल्या घेऊन गेला.

इतकी वर्षं त्या गोठ्याच्या गाड्या रंगवूनही त्याने गोठा आतून पाहिला नव्हता. आत पाऊल टाकलं आणि तो बाहेर आला. तोंडाला फडकं बांधून पुन्हा आत गेला. दावणीला गायी इतक्या चिकटून बांधल्या होत्या की भिंतीपर्यंत पोचायला त्याला त्यांच्या अंगाला घासत जावं लागलं. गव्हाणीत वाफा येत होत्या. एका गायीने मान वळवून त्याच्या बादलीकडे पाहिलं. तिने ताजं काही पाहून किती दिवस झाले असतील कोण जाणे. ती जीभ बाहेर काढून चुना चाटायला लागली. त्याने बादली मागे ओढली.

त्याने काम अर्धवट टाकलं नाही. सगळ्या भिंती पांढऱ्या केल्या, अगदी कोपऱ्यांपर्यंत. मजुरी घेतली. घरी येऊन वहीत नोंद केली: गोठा, सफेदी, दोन हात. काही दिवसांनी लेस्लींच्या साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. त्यात नगरसेवक शेपूट झडलेल्या गायीलाच सफेदी करत होते. गल्लीतले लोक ते पाहून पोट धरून हसले. रंगारीही हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. चित्रात ब्रश नगरसेवकांच्या हातात होता, गोठ्यात तो त्याच्या हातात होता.

त्याने त्या दिवसापासून गोठ्याच्या गाड्या घेणं बंद केलं. कारण विचारलं तर म्हणे, "हात दुखतो." इतकंच. एवढ्याने शहराला काही फरक पडला नाही. गाड्या दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेल्या.

१८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीच्या समितीने या दुधाचा अभ्यास करून ते घातक असल्याचं सांगितलं. तरीही कायदा व्हायला १८६२ साल उजाडलं. राज्याने भेसळीच्या आणि रोगट दुधाच्या विक्रीला बंदी घातली. त्या कायद्यात एक लहानसं कलम होतं. दूध विकणाऱ्याने आपल्या गाडीवर ते दूध कुठल्या भागातून येतं ते ठळक अक्षरांत लिहावं, आणि खोटं लिहील त्याने शिक्षा भोगावी.

इतकी वर्षं जे लिहिल्याने धंदा होत होता, तेच आता खोटं ठरलं तर गुन्हा होणार होता.

कायदा झाल्यावर आठवडाभरात एक जुनं गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. "ऑरेंज काउंटी लिही," तो म्हणाला. "झकास सावली काढ. आता सक्तीच आहे."

"डबे कुठल्या स्टेशनवर चढतात?" रंगाऱ्याने विचारलं.

"काय?"

"रेल्वेची पावती असेल ना. दाखव, मग लिहितो."

माणूस हसला. रंगारी हसला नाही. मग तो माणूस चिडला. "तू रंगारी आहेस. तुला काय करायचंय?" असं म्हणून त्याने गाडी वळवली.

त्या रात्री रंगाऱ्याने वही काढली आणि दिव्याजवळ बसून पहिल्या पानापासून वाचत गेला. प्रत्येक नोंद सुबक होती. कुठली गाडी, कुणाची, सोळाव्या रस्त्यावरची की ब्रुकलिनमधली, आणि फळीवर काय लिहिलं. बायको शेजारी येऊन बसली.

"अहो, काय शोधताय?"

"शोधायचं काही नाही. सगळं लिहिलेलंच आहे."

सकाळी तो वही काखेत मारून न्यायाधीशाच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने पानं उलटली आणि वर पाहिलं. "यात तुझंही नाव येईल," तो म्हणाला.

"प्रत्येक पानावर आहे," रंगारी म्हणाला.

त्या वहीमुळे काही गाडीवाल्यांना दंड झाला. भट्टीच्या मालकांना मात्र काही झालं नाही, कारण गाड्या त्यांच्या नव्हत्या, आणि दारू गाळण्याला बंदी नव्हती. गोठेवाल्यांचे वकील विचारू लागले, चोथा म्हणजे रोगट अन्न हे कायद्यात कुठे लिहिलंय? दुधात पाणी घातलं तर ती भेसळ कशी? शेवटी १८६४ मध्ये कायदा सुधारावा लागला. भट्टीच्या चोथ्यावर पोसलेल्या गायीचं दूध हे रोगट दूधच, आणि पाणी घालणं ही भेसळच, असं त्यात नाव घेऊन लिहिलं गेलं. १८६६ मध्ये शहराला आरोग्य मंडळ मिळालं. पुढे तपासनीस दुधात काचेची नळी सोडून पाणी ओळखू लागले, आणि गाडीवाल्यांनी त्यावरही उपाय काढला. पाणी घातलं की नळी खाली जाई, साय काढली की वर येई. म्हणून ते आधी साय काढत आणि मग पाणी घालत. नळी जागच्या जागी राही.

या गोष्टीत दुष्ट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. भट्टीवाल्याने दारू गाळली, गोठेवाल्याने फुकट जाणारा चोथा वापरला, गाडीवाल्याने रतीब घातला, समितीने पाहणी केली, रंगाऱ्याने अक्षर काढलं. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं, आणि त्यातल्या ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी आधी आपापल्या घरची किटली सांभाळली. कायद्याने नवीन असं काही शोधलं नाही. जे माहीत होतं ते उंबऱ्याबाहेर येऊन सांगायला त्याने लावलं.

वही दिल्यानंतर रंगाऱ्याचं काम कमी झालं. दुधाच्या गाड्या त्याच्याकडे येईनात. बऱ्याच गाडीवाल्यांनी पैसे वाचवायला स्वतःच ब्रश घेतला आणि शहरात वेड्यावाकड्या अक्षरांतलं 'ऑरेंज काउंटी' दिसू लागलं.

एका सकाळी तशीच एक गाडी दारात थांबली. धोबीणबाई भांडं घेऊन खाली आली होती. रंगारी जिना उतरत होता. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच त्याला थांबवलं.

"हे तुमचं अक्षर नाही," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही, पण एवढं कळतं. म्हणजे हे घ्यायचं नाही ना?"

"तसं नाही, बाई," रंगारी म्हणाला. "अक्षर बघून घेऊ नका. तुम्ही पहिल्यांदा घेतलंत त्या गाडीवर माझंच अक्षर होतं."

"मग काय बघू?"

"बघू नका, विचारा. डबे कुठल्या स्टेशनवर चढवले? गाडी किती वाजता लागली? कुठल्या धक्क्यावर उतरवलं? ज्याचं दूध खरंच तिकडून येतं, त्याला हे रोजचं पाठ असतं."

बाईने मान हलवली. भांडं कमरेवर घेऊन ती गाडीपाशी गेली आणि गाडीवाल्याला मोठ्याने विचारू लागली. तिच्या मागे उभ्या असलेल्या दोन बायकांनी आपापली भांडी खाली ठेवली आणि त्याही उत्तराची वाट पाहू लागल्या. गाडीवाल्याने स्टेशनचं नाव सांगितलं. "आणि वेळ?" बाई म्हणाली.